आजीला घेऊन संग्रहालयात

कोणी पोळ्या लाटताना ऐकत असेल, कोणी कोलंबी सोलताना, कोणी मुलाला डबा भरून देताना. हातातलं काम चालू ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात द्या. तुमच्या घरातलं कोण कोण आजवर संग्रहालयात गेलंय?

हाच प्रश्न आम्ही कोलशेत गावात, ढोकाळीत आणि बाळकुमला ओळखीच्या बायकांना विचारला. जुन्या घरांमधल्या सुनांना विचारला, नव्या टॉवरमध्ये कामाला जाणाऱ्यांना विचारला आणि त्याच टॉवरमध्ये राहणाऱ्यांनाही विचारला. बहुतेकींचं उत्तर एकच होतं, "शाळेच्या सहलीत एकदा गेले होते." काय पाहिलं ते आठवत नाही. रांगेतून नेलं आणि रांगेतून परत आणलं, तेवढं आठवतं. एक जण म्हणाली, "ते शिकलेल्यांचं काम." दुसरी म्हणाली, "आपली पोरं हात लावणार, काही फुटलं तर भरून कोण देणार?" ही दुसरी भीती आमच्याही मनात होती, खोटं कशाला सांगायचं?

पण सुट्टी लागली की दुसरा प्रश्न उभा राहतो. शाळा बंद, बाहेर ऊन, दोन खोल्यांचं घर आणि मुलाच्या हातात मोबाईल. मॉलमध्ये नेलं तर जाण्यायेण्याइतकाच खर्च खाण्याचा होतो आणि मुलं परत येताना रडतात ती वेगळीच. म्हणून एका मे महिन्यात आम्ही अकरा बायकांनी ठरवलं की यंदा मुलांना संग्रहालयात न्यायचं. तो दिवस कसा गेला आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते आज सांगतो. मुंबईतल्या संग्रहालयांत कुटुंबांसाठी काय काय चालतं, त्याचा आपण कसा उपयोग करून घ्यायचा, हेही सांगतो.

कुठलं संग्रहालय निवडायचं?

आम्ही निवडलं भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. कारण सोपं होतं. ठाण्याहून गाडी न बदलता जाता येतं आणि स्टेशनवरून चालत पोहोचता येतं. शिवाय ते राणीच्या बागेच्या, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या दारातच आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी मुलांना पेंग्विन दाखवायला तिथे जाऊन आल्या आहेत. संग्रहालयाच्या शेजारून गेल्या आणि शेजारूनच परत आल्या. ती सुंदर इमारत म्हणजे एखादं सरकारी कार्यालय असेल, असं आम्हालाही वाटलं होतं.

हे मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. त्याचा पाया 1862 साली घातला आणि लोकांसाठी ते 1872 साली उघडलं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय होतं. 1975 साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. भाऊ दाजी मूळचे गोव्याकडचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्यावहिल्या डॉक्टरांपैकी ते एक. जुने शिलालेख आणि नाणी यांचे अभ्यासक होते, मुलींनी शिकावं म्हणून झटणारे होते. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मंडळींबरोबर त्यांनी या संग्रहालयासाठी खटपट केली.

या संग्रहालयाच्या जन्माची गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली. त्याआधी जमवलेल्या वस्तू फोर्टातल्या एका बराकीत ठेवलेल्या होत्या. 1857 च्या धामधुमीत ती जागा सैन्याला हवी झाली आणि वस्तू बाहेर निघाल्या. जॉर्ज बर्डवुड नावाच्या डॉक्टरांनी त्यातल्या वाचतील तेवढ्या वाचवल्या. पुढे लोकांनी वर्गणी काढली आणि स्वतंत्र इमारत उभी राहिली. जागा दुसऱ्याला हवी झाली आणि सामान बाहेर निघालं, हे आपल्या कोलशेतला काही नवीन नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

काळाच्या ओघात ही इमारतही थकली होती. महापालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ती दुरुस्त केली. त्या कामाला 2005 साली युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. 2008 साली संग्रहालय पुन्हा उघडलं. आत शिरल्यावर उंच खांब आणि सोनेरी नक्षीचं छत दिसतं. आमच्यातली एक मुलगी मान वर करून म्हणाली, "आई, हा राजवाडा आहे का?" आई म्हणाली, "हो, पण महापालिकेचा आहे. म्हणजे आपलाच."

आमच्या बरोबरच्या आजी

आता त्या आजींची गोष्ट. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई, सत्तरी ओलांडलेल्या. आधी त्या यायला तयार नव्हत्या. "मला लिहिता-वाचता येत नाय, मी काय बघू?" नातू चौथीत. त्याचंही म्हणणं होतं की आजी नको, ती हळू चालते. खरं कारण वेगळं होतं. ते त्याच्या आईला माहीत होतं. शाळेत कोणीतरी त्याला मासळीच्या वासावरून चिडवलं होतं. तेव्हापासून आजीबरोबर बाहेर जायला तो टाळाटाळ करायचा. आईने ते आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्याच गप्प झालो. कारण असं काही ना काही प्रत्येकीच्या घरात घडलेलं होतं.

आम्ही आजींना म्हटलं, "तुम्ही येणार नसाल तर आम्हीही नाही जात." तेव्हा त्या आल्या.

टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन आणि तिथून लोकल. भायखळ्याला उतरल्यावर आम्ही सगळ्या रस्ता शोधत होतो आणि आजी मात्र सरळ चालू लागल्या. आम्ही विचारलं, "आजी, तुम्हाला कसं ठाऊक?" त्या म्हणाल्या, "वीस वर्षं इथं उतरलंय मी."

आपल्या खाडीत एके काळी बोय, कोलंबी, चिंबोऱ्या, निवट्या, कालवं मुबलक मिळायची. पुढे खाडीत सांडपाणी वाढलं, भराव पडले आणि मासळी कमी झाली. विकायला मासळी तर हवी. मग आजी पहाटेच्या गाडीने लगेजच्या डब्यातून भाऊच्या धक्क्याला जायच्या. भायखळ्याला उतरायच्या, माल घ्यायच्या, पाटी डोक्यावर घेऊन परत ठाण्याच्या बाजारात. असं वीस वर्षं. राणीची बाग इथून इतकी जवळ, पण आत कधी गेल्या नव्हत्या. "पाटी घेऊन बागेत कोण जातंय? आणि मासळी थांबते का?"

संग्रहालयाच्या दारात त्यांनी नाव विचारलं. आम्ही सांगितलं, भाऊ दाजी लाड. त्या म्हणाल्या, "म्हणजे धक्क्यावालाच भाऊ?" आम्ही हसलो, पण प्रश्न चुकीचा नव्हता. भाऊचा धक्का ज्यांच्या नावाचा ते भाऊ अजिंक्य. हे भाऊ दाजी वेगळे. दोघेही एकाच शतकातले, दोघेही मुंबईसाठी काही करून गेलेले. नातवाला हा फरक माहीत नव्हता, आम्हालाही नव्हता. आजींनी विचारलं म्हणून कळला.

हत्ती, घोडा आणि मातीची माणसं

मुलांना आधी आत नेऊ नका. आधी आवारात फिरवा. तिथे एक मोठा दगडी हत्ती आहे. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत येऊन पडले आणि 1914 साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. मुलांना सांगा, "सांधे शोधा बरं." आमची मुलं अर्धा तास हत्तीभोवती फिरत होती. मोडलेली वस्तूही जोडून जपता येते, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच परिसरात काळा घोडाही आहे. फोर्टातल्या ज्या चौकाला आपण काळा घोडा म्हणतो, तिथे सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. 1965 साली तो तिथून हलवला आणि राणीच्या बागेत आणून ठेवला. घोडा गेला, पण चौकाचं नाव राहिलं. मुलांना विचारा, आपल्या गावात अशी कुठली नावं आहेत, की वस्तू गेली आणि नाव उरलं? कोलशेतमधल्या मुलांना अशी दोन-तीन तरी सहज सापडतील.

आतमध्ये मुलांना सगळ्यात आवडतात त्या मातीच्या छोट्या मूर्ती. शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईत आणि आसपास राहणारी माणसं, त्यांचे पोशाख, पगड्या, कामधंदे, खेळ, असं सगळं वीतभर उंचीच्या मूर्तींमधून दाखवलं आहे. वरच्या मजल्यावर मुंबईचे जुने नकाशे आणि छायाचित्रं आहेत. आपण ज्या जमिनीवरून लोकलने आलो तिथे कुठे कुठे पाणी होतं, हे नकाशावर बोट न टेकवता शोधण्याचा खेळ मोठ्यांनाही खेळवतो.

आजी एका मातीच्या बाईसमोर थांबल्या त्या हलेनात. तिच्या लुगड्याचा काष्टा बघत होत्या. मग नातवाला जवळ बोलावून म्हणाल्या, "हे बघ, हा काष्टा असा का घेतात? चिखलात उतरायला पाय मोकळे पाहिजेत." मग त्यांनी त्याला सांगितलं की खाडीच्या गाळात पाय कसा टाकायचा, निवटी बिळात कशी शिरते, हात कुठून घालायचा. बघता बघता आमची सगळी मुलं आजींभोवती जमली. दुसऱ्या कुटुंबातली दोन मुलंही येऊन उभी राहिली. त्यातला एक मुलगा आमच्या नातवाला म्हणाला, "ही तुझी आजी आहे? तिला सगळं माहितेय!" नातू काही बोलला नाही. पण परतीच्या वाटेवर आजींची पिशवी त्याच्या हातात होती.

मैत्रिणींनो, संग्रहालयात फक्त मुलांना नेऊ नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही न्या, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. वस्तूखालची पाटी आपण वाचू शकतो. पण ती वस्तू हातात धरून काम केलेलं माणूस घरातच असतं आणि आपण त्यांना घरी ठेवून येतो.

मुलांसाठी काय कार्यक्रम असतात?

पूर्वी संग्रहालय म्हणजे काचेमागच्या वस्तू आणि 'हात लावू नये' असा फलक, एवढंच होतं. आता मोठ्या संग्रहालयांत शिक्षणविभाग असतात. त्यांचं कामच मुळी मुलं, शाळा आणि कुटुंबं यांच्यासाठी कार्यक्रम करण्याचं असतं. त्यांचे साधारण चार प्रकार आहेत.

पहिला, माहिती देत फिरवणं. संग्रहालयातली ताई किंवा दादा गटाला घेऊन फिरतात आणि निवडक वस्तूंची गोष्ट सांगतात. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शनिवार-रविवारी अशा फेऱ्या होत आल्या आहेत. मराठीतून फेरी कधी आहे ते आधी विचारून घ्या. आपण मागितली तर मराठी मिळते. न मागता गप्प राहिलो तर इंग्रजीच्या गटामागून नुसतं चालत राहतो.

दुसरा प्रकार कार्यशाळांचा. मुलं आधी एखादी वस्तू नीट बघतात, तिचं चित्र काढतात आणि मग तशी काहीतरी वस्तू स्वतः करतात. मातीकाम, ठसेकाम, कागदाच्या घड्या, बाहुल्या. आपल्याला वाटतं हा नुसता वेळ घालवायचा उद्योग. पण बघा, मुलाने एकदा मातीचं भांडं करायचा प्रयत्न केला आणि ते कलंडलं, की त्याला काचेमागचं भांडं किती कठीण आहे ते कळतं. पुढच्या वेळी ते आपण होऊन थांबून बघतं. काही कार्यशाळा मोफत असतात, काहींना फी असते. जागा मोजक्या असतात. नाव आधी नोंदवलं नाही तर दारातून परतावं लागतं आणि मूल रुसतं.

तिसरा प्रकार, मुलांसाठी वेगळं दालन. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2019 साली मुलांचं संग्रहालय सुरू झालं. त्यातलं प्रदर्शन निवडण्यात आणि मांडण्यात मुलांनाच सामील करून घेतलं. कुठली वस्तू ठेवायची, तिच्याबद्दल काय लिहायचं, हे मुलांनी ठरवलं. त्या संग्रहालयाचाही इतिहास मुलांना सांगण्याजोगा आहे. पायाभरणी 1905 सालची. इमारत पुरी झाली आणि पहिलं महायुद्ध आलं. तेव्हा तिथे सैनिकांचं इस्पितळ होतं. लोकांसाठी संग्रहालय उघडलं ते 1922 साली.

चौथा प्रकार आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपण जाऊ शकत नसू तर संग्रहालयच आपल्याकडे येतं. याच फोर्टातल्या संग्रहालयाची 2015 पासून फिरती बस आहे. बसच्या आत छोटं प्रदर्शन असतं आणि ती शाळांकडे आणि गावोगावी जाते. आपल्या मुलांच्या शाळेच्या पालकसभेत आपण हा विषय काढू शकतो. बस मागवायची तर अर्ज शाळेने करायचा असतो, पण शाळेला आठवण आपणच करून द्यायची.

शिवाय वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. तिथे उलटा नियम आहे, हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. चाकं फिरवा, कळ दाबा, आरशात बघा. फार लहान मुलं असतील तर सुरुवात तिथून केली तरी चालेल. आणि 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन 1977 पासून जगभर पाळतात. तो नेमका आपल्या मुलांच्या सुट्टीत येतो. त्या आठवड्यात पुष्कळ ठिकाणी खास कार्यक्रम असतात.

हात का लावायचा नाही?

मुलं हा प्रश्न विचारतातच. "नाही म्हटलं ना!" हे उत्तर देऊ नका. घरातलं उदाहरण द्या. देवाचं पितळी ताम्हन आपण चिंचेने लख्ख घासतो. त्याला बोटं लावली तर दोन दिवसांनी तिथे डाग दिसतो. हाताला घाम असतो, घामात मीठ असतं, तेल असतं. एका माणसाच्या बोटाने फार बिघडत नाही. पण रोज शेकडो माणसांनी बोट लावलं तर धातू काळा पडतो, लाकूड चिकट होतं, रंग निघतो.

दालनात अंधार का असतो, हाही मुलांचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्या कपाटात आहे. लग्नातली पैठणी आपण मलमलच्या कापडात गुंडाळून अंधारात ठेवतो. उजेडाने रंग उडतो म्हणून. अधूनमधून घडी बदलतो, जर तुटू नये म्हणून. संग्रहालयात तेच करतात. जुनं कापड, जुनं चित्र मंद दिव्यात ठेवतात, फ्लॅश मारू देत नाहीत. म्हणजे ज्याला ते लोक शास्त्र म्हणतात, त्यातलं थोडं आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. मुलाला हे असं सांगितलं की ते स्वतःच दुसऱ्याला अडवतं. आमच्यातल्या एका सहा वर्षांच्या पोरीने एका मोठ्या काकांना सांगितलं, "काका, तुमच्या हाताला मीठ आहे."

जाण्याआधी एवढं बघा

आता कामाच्या गोष्टी. वहीत लिहून घ्या.

संग्रहालय बंद कधी असतं ते आधी विचारा. भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी बंद असतं. पुष्कळ सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तिकिटाचे दर आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करा.

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. धीमी गाडी कुठे थांबणार नाही, जलद गाडी कुठे वळवली आहे, ते शनिवारीच बघून ठेवा. आम्ही हे केलं नव्हतं. मुलांना घेऊन ठाण्याच्या फलाटावर पाऊण तास उभ्या होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचं तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट.

आत गेल्याबरोबर तीन गोष्टी विचारा: स्वच्छतागृह कुठे, पिण्याचं पाणी कुठे, बाळाला दूध पाजायला बसायचं कुठे. विचारायला लाजू नका. आम्हाला तिथे एका ताईंनी आपण होऊन खुर्ची आणून दिली. डबा आत नेऊ देत नाहीत, तो बाहेर बागेत बसून खाता येतो. मोठ्या पिशव्या दारात ठेवाव्या लागतात, म्हणून सामान कमी न्या.

सगळं संग्रहालय एका दिवसात बघायचं नाही. हा आमचा पक्का नियम. एका मुलाने तीन वस्तू निवडायच्या. प्रत्येकीपुढे बसायचं, निदान पाच मिनिटं. मग तीन प्रश्न: ही कशाची केलीय? ही कोणी वापरली असेल? आपल्या घरी हिच्यासारखं काय आहे? तिसरा प्रश्न सोडू नका. दीड तास झाला की बाहेर. मूल कंटाळायच्या आधी निघालं तर पुन्हा यायचं म्हणतं.

आणि मुलाला काही माहीत नसेल तर रागावू नका. आपल्याला माहीत नसेल तर सरळ म्हणा, "मलाही ठाऊक नाही, चल विचारू." आई एखाद्याला प्रश्न विचारते, हे मुलाने बघणं फार चांगलं.

गल्लीतलं आमचं प्रदर्शन

परत आल्यावर त्या तिसऱ्या प्रश्नाने आम्हाला सोडलं नाही. आपल्या घरी हिच्यासारखं काय आहे? मुलं घराघरांत शोधू लागली. तेव्हा लक्षात आलं की फार काही उरलेलंच नाही. आपल्या डोळ्यांदेखत कोलशेत बदललं. भातशेतं गेली, कारखाने आले, कारखान्यांच्या जागी टॉवर आले. जुनं घर पाडून बिल्डिंग झाली की फ्लॅटमध्ये जातं ठेवायला जागा नसते. पाटा-वरवंटा, उखळ, मुसळ, भात पाखडायची सुपं, पाग म्हणजे फेकायचं जाळं, होडीचं वल्हं, हे सगळं भंगारवाल्याकडे गेलं. वजनावर. आमच्यातल्या एकीने सासऱ्यांनी विणलेला पाग पावसाळ्यात झाडावर टाकून दिला होता, पक्ष्यांनी फळं खाऊ नयेत म्हणून. ती म्हणाली, "मला त्याची किंमतच कळली नाही गं." तिला आम्ही काय बोलणार? आम्ही सगळ्यांनी असंच केलं होतं.

अशा वेळी पुण्याच्या दिनकर केळकरांची गोष्ट आठवते. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं, राजा दिनकर केळकर संग्रहालय. पत्नी कमलाबाईंच्या साथीने त्यांनी जन्मभर वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, कंगवे, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी, पानदानं. बायकांचे हात रोज लागलेल्या वस्तू. वीस हजारांहून जास्त वस्तूंचा हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. गोव्यातही बाणावलीला गोवा चित्र नावाचं संग्रहालय आहे, शेतीची आणि घरकामाची जुनी अवजारं जपणारं. लोक टाकून देत होते त्याच वस्तू तिथे मांडल्या आहेत.

आमच्याकडे पैसा नाही, जागा नाही. तरी आम्ही एका दिवसाचं प्रदर्शन करायचं ठरवलं. एका ठिकाणी खोली मागितली, "जुनी भांडी मांडायला खोली?" म्हणून नकार आला. मग आमच्यातल्या एकीची ओटी आणि अंगण घेतलं. नियम एवढाच: प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावायची. चिठ्ठीत चार ओळी. वस्तूचं नाव आपल्या घरात जे म्हणतात तेच. ती कशाची केली आहे. कोण वापरायचं. शेवटी कधी वापरली.

तेवीस वस्तू आल्या. टॉवरमधल्या एका मुलीने आजोळचा, सोलापूरकडचा कंदील आणला. घरकाम करणाऱ्या एका मैत्रिणीच्या मुलाने मराठवाड्यातून येताना आईने बरोबर आणलेली गोधडी आणली. गोधडीतला प्रत्येक तुकडा कुणाच्या लुगड्याचा, ते त्याला पाठ होतं. आणि चौथीतल्या त्या नातवाने आजीची मासळीची पाटी आणली. आजी ती बघून म्हणाल्या, "अगो, ही त माझीच पाटी! ही कुठं मिळाली?" ती माळ्यावर होती. त्याच्या चिठ्ठीची चौथी ओळ अशी होती: "शेवटी वापरली: आजीचे गुडघे दुखायला लागले त्या वर्षी."

ती पाटी परत माळ्यावर गेली नाही. घरात दारापाशी खिळ्याला टांगली आहे. वास येतो का, असं कोणी विचारलं तर नातूच उत्तर देतो, "थोडा येतो. खाडीचा."

तुम्हीही करा

मैत्रिणींनो, सुरुवात छोटी करा. एक रविवार, एक संग्रहालय, बरोबर एक म्हातारं माणूस. परत आल्यावर घरातली एक वस्तू आणि तिची चार ओळींची चिठ्ठी. जुनं घर पाडायला निघालं असेल तर सामान भंगारात देण्याआधी एक दिवस थांबा. सगळं ठेवता येणार नाही, ते आम्हालाही ठाऊक आहे. पण वस्तू देताना तिचा फोटो काढा आणि ती वापरणाऱ्या माणसाकडून तिचं नाव आणि काम विचारून घ्या. मोबाईल आहेच हातात, त्यावर त्यांचा आवाजही घेता येतो. हा रेडिओ आपलाच आहे. घेतलेला आवाज आम्हाला आणून द्या, आम्ही तो सगळ्यांना ऐकवू.

पुढच्या सुट्टीत आम्ही फोर्टातल्या मुलांच्या संग्रहालयात जाणार आहोत. आजींनी आधीच सांगून ठेवलंय की त्या येणार. नातवानेही एक गोष्ट सांगून ठेवली आहे: या वेळी मेगाब्लॉक शनिवारीच बघायचा.

पुन्हा भेटू. नमस्कार.